वसतिगृहाचा टिकाव कोणाच्या जिवावर?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या एका निकालाने देशातल्या शिक्षणसंस्थांवर एक नवे काम सोपवले. विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने, कायदा होईपर्यंत पाळायची पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतले एक तत्त्व शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे: मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा ओळखणे, स्वतःला इजा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याशी कसे वागायचे आणि त्याला पुढे कोणाकडे न्यायचे, याचे.

असे प्रशिक्षण म्हटले की एक ठरलेले रूप डोळ्यांपुढे येते. सभागृह, पाहुणे व्याख्याते, मन खंबीर कसे ठेवावे यावर दोन तासांचे भाषण, डोळे मिटून सहकाऱ्याच्या हातांवर मागे झुकण्याचा खेळ, प्रमाणपत्रे, चहापान. त्यामागची समजूत अशी, की खंबीरपणा माणसाच्या मनात असतो आणि संघभावना आपुलकीतून येते. मन घट्ट केले, आपुलकी वाढवली, की वसतिगृहाचे कर्मचारी कोणत्याही प्रसंगाला पुरे पडतील.

ही समजूत वरवरची आहे, आणि मुले जिथे रात्रीही राहतात अशा जागी धोक्याचीही. वसतिगृहाचा टिकाव एकेकट्या कर्मचाऱ्याच्या मनोधैर्यावर ठरत नाही. कोणाला काय दिसले, ते त्याने कोणाला सांगितले, ऐकणाऱ्याने ते मनावर घेतले का, निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता आणि त्या रात्री तो माणूस झोपेअभावी गळून गेला होता की ताजा होता, यावर तो ठरतो. म्हणून प्रशिक्षण द्यायचे ते गृहपालापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्या चमूला एकत्र, त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच कामावर.

या म्हणण्याची कसोटी महानगरात घेण्यापेक्षा रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखमध्ये घेणे बरे. संगमेश्वर तालुक्याचे हे ठाणे. गावात आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय आहे, जवळच आंबवला अभियांत्रिकी महाविद्यालय. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून मुले शिकायला येतात. पाऊस त्यांच्या ये-जा करण्यावर मर्यादा घालतो, म्हणून घराबाहेर राहणे इथे अनेकांच्या शिक्षणाची अटच असते. आणि या गावाचा वसतिगृहांच्या इतिहासाशी असलेला संबंध फार जुना आहे.

देवरूखच्या दोन बहिणी

देवरूखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई लहानपणी विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची 'बाया', झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले, जन्म 1870 चा, तीही तरुणपणीच विधवा. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी सुरू केलेला आश्रम पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला, आणि त्याच्या देखरेखीची जबाबदारी पार्वतीबाईंनी सांभाळली. आश्रमाच्या निधीसाठी त्या गावोगाव फिरल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, 1918 मध्ये, इंग्रजी शिकायला आणि मदत मिळवायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या.

या दोघींच्या आयुष्याकडे जिद्दीच्या कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. जिद्द होतीच. पण वसतिगृह चालवणाऱ्याने त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. पार्वतीबाई आश्रमाच्या देखरेखीला लायक ठरल्या त्यामागे मनोबलाचे कोणतेही वेगळे शिक्षण नव्हते. विधवेचे आयुष्य त्यांनी स्वतः काढले होते, त्यामुळे समोरच्या मुलीला काय खुपते हे ओळखायला त्यांना पुस्तक लागत नव्हते. आश्रमाच्या एकाच कोपऱ्यापुरते त्यांचे काम नव्हते. मुलींवर देखरेख, बाहेर जाऊन मदत मागणे आणि आलेल्या पैशाची आश्रमाला असलेली निकड, या सगळ्यांची त्यांना जवळून माहिती होती. आणि कर्व्यांसारख्या प्रमुखाच्या कामात त्यांच्या शब्दाला वजन होते. म्हणजे ज्ञान, कामाची अदलाबदल आणि बोलण्याचा अधिकार. या तीन गोष्टी ज्या चमूत असतील, तो चमू बिकट प्रसंगात तग धरतो. त्या बाहेरून शिकवता येतात का? येतात, पण भाषणाने नाही.

देवरूखातच पुढे इंदिराबाई हळबे यांनी 1954 मध्ये मातृमंदिर उभे केले. सुरुवात प्रसूतिगृहापासून झाली, नंतर निराधार मुलींसाठी 'गोकुळ' आले. साऱ्या पंचक्रोशीत त्या मावशी म्हणून ओळखल्या गेल्या. त्या परिचारिका होत्या, हा तपशील इथे महत्त्वाचा. रुग्णसेवेत पाळी बदलते तेव्हा जाणारी परिचारिका येणारीला प्रत्येक रुग्णाची स्थिती सांगून जाते. माया आणि नोंदवही तिथे एकाच कामाच्या दोन बाजू असतात. वसतिगृहांनी परिचर्येकडून घ्यावी अशी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी घेतली गेलेली नाही.

त्यागाच्या कथेचा दुसरा अर्थ

महाराष्ट्राला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उघडायला प्रोत्साहन दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. त्या वसतिगृहात मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत मराठी घराघरांत माहीत आहे.

तिच्याबद्दल आदर बाळगूनच एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्या वसतिगृहाची उद्याची भाकरी एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर अवलंबून आहे, ते वसतिगृह अत्यंत नाजूक स्थितीत आहे. लक्ष्मीबाईंनी दिले म्हणून मुले जेवली. पण अशा त्यागाला दुसरी खेप नसते. कर्मवीरांनाही हे कळत होते. मुलांनी स्वतः राबावे, संस्थेने आपल्या पायांवर उभे राहावे, स्वावलंबन हा शिक्षणाचा भाग असावा, हा त्यांचा आग्रह त्यातूनच घट्ट झाला असला पाहिजे.

आजच्या 'खंबीर राहा' छापाच्या प्रशिक्षणाची अडचण इथेच आहे. ते कर्मचाऱ्याकडून पुन्हा मंगळसूत्रच मागते. बारा तासांच्या पाळीवर असलेल्या, ठेकेदाराकडून पगार उशिरा मिळणाऱ्या पहारेकऱ्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचे आणि पाळी बारा तासांचीच ठेवायची, यात संस्था आपली जबाबदारी त्याच्या छातीत ढकलते. तो कोसळला, तर दोष त्याच्या मनाचा ठरतो.

पायरी पहिली: चूक दोन माणसांच्या मधल्या जागेत होते

जुलैतली एक रात्र घेऊ. कोकणात अशी रात्र कुठेही येऊ शकते. संध्याकाळपासून धो धो पाऊस, साडेनऊला वीज गेलेली, मोबाइलची रेंज कधी आहे कधी नाही. अकराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरची मुलगी पोटदुखीने कळवळते. तिच्या खोलीतली मैत्रीण खाली पळत येते. फाटकावर पहारेकरी आहे. त्याला फाटक सोडायचे नाही अशी सक्त ताकीद आहे. रेक्टरबाई बाळाच्या आजारपणामुळे घरी गेल्या आहेत. जाताना त्यांनी स्वयंपाकाच्या मावशींना सांगितले, पहारेकऱ्याला नाही. 108 ला फोन लागेपर्यंत किती वेळ थांबायचे? खासगी गाडी बोलवायची तर पैसे कोण देणार? ग्रामीण रुग्णालयात न्यायचे की थेट रत्नागिरीला? पालकांना आत्ता कळवायचे की डॉक्टरांनी पाहिल्यावर?

या गोष्टीत कोणी भित्रा नाही आणि कोणी निष्काळजीही नाही. सगळे आपापले काम करत आहेत. गाडी अडते ती दोघांच्या मधल्या जागेत: निरोप एकीला दिला, दुसऱ्याला नाही, जबाबदारी एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, आणि किल्ली तिसऱ्याकडे. मनोबलाच्या कोणत्याही शिबिराने ही जागा भरत नाही.

कोकणात अशी रात्र अपवादाची राहिलेली नाही. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्री फुटले. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीकडच्या गावांची वीज दीर्घ काळ घालवली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा वेळी बाहेरची मदत येईपर्यंतचे पहिले काही तास इमारतीत हजर असलेल्या चार-पाच माणसांचेच असतात.

विमान वाहतुकीने हा धडा जबर किंमत देऊन शिकला. 28 डिसेंबर 1978 रोजी युनायटेड एअरलाइन्सचे 173 क्रमांकाचे विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडवर सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. चाकांच्या यंत्रणेत बिघाड असल्याचा संशय होता आणि कप्तानाचे सारे लक्ष त्यात अडकले. इंधन संपत चालल्याचे कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांना दिसत होते, ते तसे सुचवतही होते, पण निक्षून कोणी बोलले नाही. इंधन संपून विमान कोसळले. 189 पैकी 10 जण दगावले. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि 1981 पासून युनायटेडने कॉकपिटमधल्या सगळ्यांना एकत्र बसवून प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली: कनिष्ठाने धोका स्पष्ट शब्दांत सांगायचा, वरिष्ठाने तो ऐकल्याचे बोलून दाखवायचे. वैमानिकांचे कौशल्य तिथे कमी नव्हते. माहिती होती, ती निर्णयापर्यंत पोहोचली नाही.

पायरी दुसरी: पहिल्यांदा कळते ते ताटावरून

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे सगळे वसतिगृहांतले नव्हते. पण घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक प्रश्न टाळता येत नाही: त्याचे बिनसले आहे हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल?

प्राचार्यांच्या नक्कीच नाही. बहुधा समुपदेशकाच्याही नाही, कारण त्यांच्याकडे मूल स्वतःहून जावे लागते. तीन दिवस रात्रीच्या जेवणाला कोण आले नाही, हे मेसमध्ये वाढणाऱ्या बाईला ठाऊक असते. खोलीचा कचरा आठवडाभर बाहेर आला नाही, हे सफाई कामगाराला. पहाटे तीनला गच्चीकडे कोण येरझारा घालते, हे पहारेकऱ्याला. वसतिगृहातल्या उतरंडीत जी माणसे सर्वांत खाली, त्यांच्याकडेच सर्वांत नेमकी माहिती असते.

राजस्थानातल्या कोटा शहराने 2023 मध्ये हे ओळखले. तिथल्या पोलिसांनी 'दरवाजे पे दस्तक' नावाची मोहीम सुरू केली. वॉर्डनने रात्री खोलीचे दार ठोठावून विचारपूस करायची, आणि मेसवाल्यांनी, डबेवाल्यांनी एखादा मुलगा वारंवार जेवायला येत नसेल किंवा त्याचा डबा तसाच परत येत असेल तर कळवायचे. त्याच सुमारास खोल्यांतल्या पंख्यांना सुरक्षा-साधने बसवण्याचे आदेशही निघाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालातही ती अट आली. ही साधने बसवलीच पाहिजेत. घातक साधन हाताशी नसले की जीव वाचतात. पण ती शेवटच्या क्षणासाठी आहेत. ताट मात्र कितीतरी दिवस आधी बोलते.

आपल्याकडे कागदावर याची तरतूद जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी वसतिगृहाचा वॉर्डन पूर्णवेळ आणि कोणत्याही वेळी उपलब्ध असावा असे म्हटले, आणि उपाहारगृहाच्या व मेसच्या कर्मचाऱ्यांना, ते ठेकेदाराचे असले तरी, लक्ष ठेवून कळवण्याच्या सूचना द्यायला सांगितले. सूचना द्यायला सांगितले, हेच त्याचे अपुरेपण. मावशींनी कळवायचे, पण कोणाला, कोणत्या शब्दांत? कळवल्यावर त्यांना कोणी परत येऊन सांगणार का, की त्या मुलीचे पुढे काय झाले? ज्याचे कळवणे हवेत विरते, तो दुसऱ्यांदा कळवत नाही.

पायरी तिसरी: बोलायची मुभा

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधचुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंकडून कमी चुका होत असणार, अशी अपेक्षा होती. हाती आले ते उलटे: ज्या विभागांत परिचारिकांचे आपसांतले नाते आणि नेतृत्व चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. याचा उलगडा असा, की त्या विभागांत चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. इतरत्र चुका लपत होत्या.

मराठी वसतिगृहाला हे लावून पाहिले तर मन अस्वस्थ होते. इथे उतरंड केवळ पदाची नसते. गृहपाल कायम नोकरीत, स्वयंपाकी ठेकेदाराचा. अधीक्षक शिकलेला, कामाठी सातवी पास. त्यात जात येते, बाई-पुरुष हा भेद येतो. सगळे एकमेकांना काका, मावशी, दादा म्हणतात खरे, पण दादांना 'तुमचे चुकले' असे मावशी म्हणू शकत नाहीत, आणि म्हटलेच तर पुढच्या महिन्याच्या कामाची खात्री राहत नाही. आपुलकीची हाक ही उतरंड झाकते, मोडत नाही.

म्हणून सांघिक प्रशिक्षणाचा गाभा वरिष्ठांना शिकवण्यात आहे. गृहपालाने महिन्यातून एकदा सर्वांसमोर विचारायचे, की या महिन्यात काय थोडक्यात निभावले आणि कोणाला काय खटकले. उत्तर आल्यावर चेहरा न बदलता ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय केले ते सांगायचे. वर्षभर हे न चुकता केले तरच खालच्या माणसाचा विश्वास बसतो. यापेक्षा अवघड प्रशिक्षण दुसरे नाही.

मग शिकवायचे काय

कोकणातल्या वसतिगृहासाठी सुरुवात सर्पदंशापासून करावी. पावसाळ्यात हा धोका खरा, आणि सराव कसा घ्यायचा हेही त्यातून नीट कळते. दंश झालेल्याला शांत ठेवायचे, तो अवयव हलू द्यायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचे-चोखायचे नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, आणि प्रतिसर्पविष जिथे आहे तिथे पोहोचवायचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले, त्यांचे काम जगभर मानले गेले. पण डॉक्टर कितीही थोर असला, तरी रुग्ण वेळेत दारात पोहोचायला हवा, आणि तो पोहोचवणे पहारेकऱ्याच्या निर्णयावर असते.

हा सराव सभागृहात घेऊ नये. रात्री दहाला, दिवे बंद करून, खऱ्या जिन्यावर घ्यावा. एकाने दंश झालेल्या मुलाचे काम करावे. कोणत्या दवाखान्यात प्रतिसर्पविष आहे हे आधी फोन करून कोण विचारतो, गाडी कोण आणतो, सोबत कोण जातो आणि मागे उरलेल्या साठ मुलांजवळ कोण थांबतो, हे घड्याळ लावून पाहावे. पहिल्या सरावात हमखास गोंधळ होतो. टॉर्चची बॅटरी संपलेली निघते, बाजूच्या दाराची किल्ली कोणाकडे ते आठवत नाही, गाडीवाल्याचा नंबर रेक्टरच्या फोनमध्ये आणि फोन चार्जिंगला. हा गोंधळ हेच त्या दिवसाचे खरे शिक्षण. पुढच्या महिन्यात तोच सराव, पण भूमिका बदलून: स्वयंपाक्याने फोन करायचे, रेक्टरने स्ट्रेचर धरायचा. एकमेकांचे काम हाताखालून गेले की दुसऱ्याची अडचण कळते, आणि एक माणूस रजेवर असला तरी काम अडत नाही.

मानसिक संकटाच्या बाबतीतही याच पद्धतीने शिकवता येते. स्वयंपाकाच्या मावशींना मानसशास्त्र शिकायचे नाही. त्यांना तीन-चार गोष्टी पक्क्या यायला हव्यात. मूल फार खचलेले दिसले तर 'जीव द्यावासा वाटतो का' असे सरळ, मायेने विचारता येते. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. होकार आला तर त्याला एकटे सोडायचे नाही. उपदेश करायचा नाही, देवाची शपथ घालायची नाही, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही. आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक पाठ असायचा. हे वाक्यागणिक म्हणून घ्यावे लागते, जोडीने बसवून. ऐन वेळी माणसाच्या तोंडून पूर्वी उच्चारलेलेच शब्द निघतात.

पाळी बदलताना दहा मिनिटे समोरासमोर बोलणे आणि एका पानाची नोंद: कोण आजारी, कोण घरी, कोण जेवले नाही, कोणती वाट पाण्याखाली. नोंदीत मुलांची खासगी बाब लिहू नये, एवढी शिस्त हवी. याला खर्च शून्य आहे.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळीकडे विसरली जाते. वसतिगृहात मृत्यू झाला, तर त्या खोलीचे दार उघडणारा बहुधा पहारेकरी किंवा सफाई कामगार असतो. मुलांसाठी समुपदेशक येतात. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पोलिसांचा जबाब आणि तिसऱ्या दिवशी त्याच मजल्याची पाळी. त्याला सुट्टी, बोलायला माणूस आणि काही काळ दुसरीकडे काम देणे हा टिकावाचाच भाग आहे.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप ठेकेदारीचा. माणसे सहा महिन्यांत बदलतात, शिकवून काय उपयोग? उपयोग आहे, पण शिक्षण माणसात न ठेवता रिवाजात ठेवले तर. पाळीची नोंद, महिन्याचा सराव, नव्या माणसाने पहिले चार दिवस जुन्याच्या सोबत काम करणे, हे इमारतीचे नियम झाले की माणूस बदलला तरी ते राहतात. शिवाय बदलते मनुष्यबळ हे निसर्गाने लादलेले नाही. तो खर्च वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय आहे आणि त्याचा धोका मुलांच्या अंगावर येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चमू फार घट्ट झाला तर तो आपल्या माणसाला पाठीशी घालतो. 6 जून 2023 रोजी मुंबईत चर्नी रोडच्या सावित्रीबाई फुले शासकीय वसतिगृहात विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित होता तो वसतिगृहातच वर्षानुवर्षे काम करणारा कर्मचारी, आणि त्याच दिवशी त्याचाही रेल्वेखाली मृत्यू झाला. जुना, ओळखीचा, घरच्यासारखा माणूस हाच धोका ठरू शकतो, हे त्या घटनेने सगळ्यांच्या मनावर कोरले. म्हणूनच इथे मांडलेली संघभावना कुटुंबाच्या धर्तीवरची नाही. कुटुंबात तपासणी अपमानाची वाटते. चांगल्या चमूत ती रोजची असते: सुट्टीत मजल्यावर एकच मुलगी उरली असेल तर तिची खोली हलवायची, मुलींच्या मजल्यावर पुरुष कर्मचारी एकटा जाणार नाही, आणि कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार वसतिगृहाबाहेरच्या व्यक्तीकडे थेट जाईल. विश्वास आणि पडताळणी यांत एकच निवडावे लागते हा समज सोडावा लागेल.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो रास्त आहे. सज्ञान मुलामुलींच्या दारावर रात्री थापा, ताटावर नजर, हालचालींची नोंद: ही काळजी की पहारा? दिल्लीत 2015 मध्ये सुरू झालेल्या 'पिंजरा तोड' चळवळीने मुलींच्या वसतिगृहांतल्या वेळेच्या बंधनांवर हाच प्रश्न केला होता. उत्तर प्रशिक्षणातच द्यावे लागते. माहिती कोणत्या कारणासाठी घेतली आणि ती कोणापर्यंत जाईल, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे. मुलगी कोणाशी फोनवर बोलते हे पालकांना कळवणे कर्मचाऱ्याचे काम नव्हे; ती जेवत नाही, हे रेक्टरला सांगणे हे काम आहे. ही रेषा ज्याला आखता येत नाही, त्याच्या हाती नोंदवही देऊ नये. आणि मुलांनाही चमूत घ्यावे. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांत मुलांनी श्रमाचा वाटा उचलण्याची परंपरा आहे. जे मूल स्वतः पाळीवर उभे राहिलेले असते, त्याला पहारेकऱ्याचा प्रश्न पहारा वाटत नाही.

'माया असली की पुरे, नियम कशाला' असेही म्हटले जाते. माया लागतेच, तिच्याशिवाय नोंदवही हे नुसते रजिस्टर. पण पावसाच्या रात्री किल्ली कोणाकडे आहे, हे मायेला ठाऊक नसते.

जूनच्या आधी

न्यायालयाने वर्षातून दोनदा म्हटले आहे. कोकणासाठी पहिले प्रशिक्षण मे अखेरीस, पाऊस येण्याआधी आणि नवी मुले येण्याआधी घेणे सोयीचे. दुसरे दिवाळीच्या सुट्टीनंतर, परीक्षांचा ताण सुरू होण्याआधी. निकालानुसार ते प्रमाणित मानसिक आरोग्य तज्ज्ञांनी द्यायचे आहे. तालुक्याच्या ठिकाणी असे तज्ज्ञ सहज मिळत नाहीत, तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या मदतीने तालुक्यातल्या सगळ्या वसतिगृहांनी एकत्र येऊन दिवस ठरवावा. समाजकल्याणचे गृहपाल, महाविद्यालयांचे रेक्टर, खासगी खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकिणी, सगळे एका ठिकाणी. त्या ओळखीचा उपयोग पुराच्या दिवशी होतो, कारण एका वसतिगृहात पाणी शिरले तर मुले कुठे हलवायची, हे तेव्हा फोनवर ठरते.

पण मधल्या महिन्यांतला सराव संस्थेनेच चालवायचा. त्यासाठी मेस, सुरक्षा आणि सफाईच्या निविदांमध्ये तीन अटी घालता येतील. ठेक्यावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला सरावाच्या तासांचा पगार मिळेल. पाळी आठ तासांहून लांब नसेल. आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीमुळे कोणालाही कामावरून काढले जाणार नाही. या अटींनी ठेक्याची रक्कम वाढेल. ती किती वाढली हे संस्थेच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसू द्यावे, म्हणजे पालकांनाही विचारता येईल, की ही ओळ यंदा का कमी झाली.